मित्रांसोबत उन्हाळी प्रवास आणि सोबत ऑफिसचे काम: वेळ कशी बसवावी?

दारव्हा_तालुका (प्रश्न):

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यातल्या एका गावात राहतो आणि पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीचे काम घरूनच करतो. मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात आम्ही चार मित्रांनी एका गाडीने आठवडाभर फिरायला निघावे, असा विचार आहे. एक मित्र जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक असल्यामुळे त्याला पूर्ण सुटी आहे. दुसऱ्याची शेती आहे, गाडीही त्याचीच आहे, आणि नांगरणी-वखरणी आटोपल्यामुळे मृग लागेपर्यंत तो मोकळा आहे. तिसऱ्याचे कृषी केंद्र आहे आणि खरिपाच्या तोंडावर त्याचा फोन दिवसभर थांबत नाही. मला एवढी रजा मिळणार नाही, परंतु कुठूनही काम करण्याची मुभा आहे. अट एवढीच की सकाळी साडेअकराच्या बैठकीपासून दुपारी चारपर्यंत मी इंटरनेटवर हजर असावे. उरलेले काम मी माझ्या सोयीने करू शकतो.

बेत असा आहे की प्रथम लोणार पाहावे, मेहकरजवळ समृद्धी महामार्गाला लागून नागपूर गाठावे, तिथून ताडोबा करावे आणि शेवटी अमरावतीमार्गे चिखलदऱ्याला जावे. शिक्षक मित्राचा प्रश्न असा की, “तू लॅपटॉप उघडून बसणार असशील, तर आम्ही काय तुझ्या तोंडाकडे पाहत बसायचे?” त्याचे चुकते आहे असे मला वाटत नाही. ज्यांनी असा प्रवास केला आहे त्यांनी मार्ग आणि रोजचे वेळापत्रक याविषयी सांगावे.

परतवाडेकर:

आपला बेत कागदावर चांगला दिसतो, पण त्यात काम करायला जागाच उरलेली नाही. रोज मुक्काम हलवायचा म्हटले की सकाळी दहा-अकराला खोली सोडावी लागते आणि पुढच्या गावची खोली दुपारनंतर हाती येते. आपली साडेअकराची बैठक नेमकी या मधल्या वेळात, भर उन्हात, एखाद्या धाब्याच्या टिनाखाली येईल. तेव्हा चार ठिकाणांची हौस सोडून द्यावी आणि कामाच्या दिवसांत एकाच ठिकाणी तळ ठोकावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

ते ठिकाण चिखलदरा असावे. समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंचीवर असल्यामुळे, खाली अमरावती ४४-४५ अंशांत भाजून निघत असते तेव्हाही वरची पहाट आणि संध्याकाळ सुसह्य असते. दुपारचे ऊन तिथेही लागतेच, आणि आपल्या सोयीची गोष्ट हीच आहे. मे महिन्यात विदर्भात कुठेही गेलात तरी अकरा ते चार या वेळात बाहेर पाहण्यासारखे काही नसते. शहाणा माणूस त्या वेळी पंख्याखाली किंवा कूलरसमोर असतो. कंपनीने आपल्याकडे मागितलेले तास तेच आहेत. पहाटे साडेपाचला निघून गाविलगड करावा. नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यातला हा किल्ला १८०३ च्या डिसेंबरात इंग्रजांनी घेतला. आत तलाव आहेत, जुन्या तोफा आहेत, चालणे मात्र बरेच आहे आणि सावली कमी, म्हणून नऊच्या आत परतलेले बरे. दुसऱ्या एखाद्या सकाळी देवी पॉइंट, भीमकुंड आणि कॉफीची लागवड पाहता येईल. मे महिन्यात धबधबे कोरडे असतात, हे शिक्षक मित्राला आधीच सांगून ठेवावे.

गर्दी शनिवार-रविवारी उसळते, त्या दोन दिवसांत खोल्यांचे दरही चढतात. सोमवार ते शुक्रवार गाव मोकळे असते. आपले कामाचे दिवस तेच असल्यामुळे रविवारी दुपारनंतर, परतणाऱ्या गर्दीच्या उलट दिशेने, धामणगाव गढीच्या घाटाने वर यावे. पुढच्या शनिवारी सेमाडोह-कोलकासकडे उतरून सिपना नदीकाठी एक रात्र काढावी. तिथे फोन लागेल अशी अपेक्षाच ठेवू नये, म्हणजे कोणाची चिडचिड होणार नाही.

खोली ठरवताना मालकाला “नेटवर्क आहे का?” असे विचारू नका, “आहे” याखेरीज दुसरे उत्तर मिळत नाही. त्याला त्याच खोलीत उभे राहून, दार लावून, दुपारच्या वेळी आपल्याला व्हिडिओ कॉल करायला सांगा. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्डे जवळ असू द्यावीत. वळवाचे वादळ आले की वीज जाते आणि लवकर येत नाही, म्हणून इन्व्हर्टर फक्त कार्यालयाच्या दिव्यापुरता आहे की खोलीतही जोडलेला आहे, तेही विचारून घ्यावे.

चंद्रपूर_ते_कुठेही:

मी प्रवासी गाडी चालवतो. परतवाडेकरांचे तळ ठोकण्याचे म्हणणे मला मान्य आहे, परंतु दुपार मोकळीच असते म्हणून ती कामाला द्यावी, हे पटत नाही. आपल्याकडची दुपार झोपेची असते, आणि तिला कारण आहे. पहाटे साडेचारला उठलेला माणूस दुपारी काम करील, संध्याकाळी फिरेल, रात्री उरलेले काम काढील आणि पुन्हा पहाटे उठेल, हे फार तर दोन दिवस चालते. तिसऱ्या दिवशी तो मित्रांवर डाफरतो. म्हणून एक पहाट फिरण्याची, तर दुसरी पहाट काम संपवण्याची, असे आलटून पालटून करावे. शेतकरी मित्र गाडी चालवणार असेल, तर लांबच्या टप्प्याच्या आदल्या दिवशी त्याची दुपारची झोप कोणीही मोडू नये.

ताडोबा या आठवड्यातून वगळावे. गाभा क्षेत्रात मोबाइल नेऊ देत नाहीत, त्यामुळे “जाता जाता एक फोन घेतो” हा प्रकार तिथे नाही. दुपारची सफारी चार वाजण्याच्या आधीच निघते, म्हणजे तीही आपल्याला जमणार नाही. सकाळची साधली, तरी धुळीने माखून परत येऊन लगेच बैठकीला बसावे लागेल. एवढे पैसे देऊन वाघ पाहायला जायचे आणि घड्याळ पाहत बसायचे, यात अर्थ नाही. खरी रजा मिळेल तेव्हा या. मंगळवारी ताडोबा बंद असते, तो वार टाळा, आणि १ जुलैपासून गाभा क्षेत्र पावसाळ्यासाठी बंद होते, हेही लक्षात ठेवा.

आता गाडीचे. लॅपटॉप उभ्या गाडीत ठेवून जेवायला जाऊ नका. बऱ्याच लॅपटॉपना वापरासाठी सांगितलेली मर्यादाच ३५ अंशांची असते; आपल्याकडे मे महिन्यात सावलीतही तापमान त्याच्या वर असते आणि बंद गाडीच्या आत तर त्याहून कितीतरी अधिक. त्याचा सर्वांत मोठा फटका बॅटरीला बसतो. खोलीतही आधी कूलर लावून मगच यंत्र सुरू करावे, मात्र कूलरच्या थेट ओलसर झोतात ते ठेवू नये. समृद्धीवरून जाणारच असाल तर टायरची हवा पहाटे, टायर थंड असताना तपासा. काँक्रीटचा सरळ रस्ता, १२० ची वेगमर्यादा आणि दुपारचे ऊन यांच्यापुढे झिजलेला टायर टिकत नाही. दहाच्या आत टप्पा संपवावा.

मागच्या सीटवर बसून बैठकीत बोलणारा माणूस चालकाचे लक्ष किती विचलित करतो, हे तुम्हाला कोणताही चालक सांगेल. त्याला गप्प बसावे लागते, गाणी बंद करावी लागतात, आणि अडचण आली तरी विचारता येत नाही. गाडीत काम करू नका.

पऱ्हाटी:

माझे स्वतःचे कृषी केंद्र आहे, म्हणून तिसऱ्या मित्रापुरते लिहितो. आपले काम लॅपटॉपवर चालते, त्याचे तसे चालत नाही. अनुदानित खताची विक्री दुकानातल्या पॉस यंत्रावर, खरेदीदाराच्या आधारच्या नोंदीनेच करावी लागते. साठा नोंदवही आणि प्रत्यक्ष साठा यांचा मेळ तपासणीच्या वेळी दाखवावा लागतो. मेच्या उत्तरार्धात खताची गाडी केव्हा लागेल याचा नेम नसतो आणि नेहमीचा शेतकरी, मालक दिसला नाही तर समोरच्या दुकानात जातो. दुकान सांभाळणारा भाऊ किंवा विश्वासू माणूस असल्याखेरीज त्याला आठवडाभर नेऊ नका. त्याने शनिवारी एसटीने परतवाड्याला यावे आणि तिथून पुढच्या दोन दिवसांसाठी तुमच्यासोबत व्हावे. अर्धवट मनाने आलेला मित्र सगळा वेळ नेटवर्क शोधत फिरतो.

सुटीवरचा_गुरुजी:

मीही शिक्षक आहे, तेव्हा त्या बाजूने दोन शब्द. मित्र काम करतो याचा त्रास होत नाही. तो केव्हा मोकळा होईल हे कळत नाही, याचा होतो. “पाच मिनिटांत आलो” म्हणून तासभर न येणारा माणूस तिघांची संध्याकाळ अडवून ठेवतो. आपल्याला चारपर्यंत बांधून घेतले आहे, तर चार वाजता लॅपटॉप बंद होईल असे सांगावे आणि उशीर झाला तर बाकीच्यांनी न थांबता निघून जावे, हेही आधीच ठरवावे. गाडी एकच असली तरी चिखलदऱ्यात बरेचसे पायी होते. दुपारसाठी पत्ते, पुस्तके आणि कैऱ्या सोबत घ्या. आम्ही मास्तर मंडळी पन्हे करण्यात आणि घोरण्यात दुपार आनंदाने घालवतो.

दारव्हा_तालुका:

सर्वांचे आभार. लोणार आणि ताडोबा या वेळी सोडतो. रविवारी संध्याकाळी चिखलदरा, शुक्रवारपर्यंत तिथेच, शनिवारी कोलकास, असे मित्रांना कळवले आहे. कृषी केंद्रवाला परतवाड्यातून सोबत येईल. चंद्रपूरच्या दादांचा झोपेचा मुद्दा पटला, म्हणून मंगळवार आणि गुरुवार या दोन पहाटा मी कामाला ठेवतो. त्या वेळी बाकीचे दोघे गाडी घेऊन कुठेही जावोत. एक शंका उरते. इन्व्हर्टर जोडलेली वेगळी खोली घेतली तर खर्च वाढेल. तो सर्वांत वाटावा का?

परतवाडेकर:

नाही. त्या खोलीचे जे जास्तीचे भाडे असेल ते आपण एकट्याने द्यावे, आणि डिझेल व जेवण समान वाटावे. गाडी ज्याची आहे त्याच्याकडून डिझेलचा वाटा घेऊ नये, अशी आमच्याकडची रीत आहे. खोली आजच बोला. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात रविवारची रात्र सहसा मिळते, शुक्रवारची मात्र आधी सांगितल्याशिवाय मिळत नाही.