रात्रीच्या रंगीत दिव्यांचे फोटो एडिट करताना रंगच उडून जातात, कुठं चुकतंय?

काजवा_२२:
नमस्कार मंडळी, कॅमेरा घेऊन चार महिने झालेत आणि मला वेड लागलंय ते रात्रीच्या फोटोंचं, म्हणजे दिव्यांच्या माळा, निऑनच्या पाट्या, पाऊस पडून गेल्यावर ओल्या रस्त्यावर पसरलेले लाल-हिरवे ओघळ वगैरे. समोर उभं असताना इतकं सुंदर दिसतं की पाय निघत नाही तिथून, पण घरी येऊन फोटो मोठा करून बघितला की लाल बल्ब मधोमध पांढरट पिवळा आणि फक्त कडेला लाल. मग मी सॅच्युरेशन (रंगांचा भडकपणा) वाढवते, तर निळे दिवे नुसते शाई सांडल्यासारखे होतात, आत काहीच दिसत नाही. शॅडोज (अंधारे भाग) वर ओढल्या की आकाशात जांभळे-हिरवे ठिपके. काल एकाच फोटोवर तीन तास बसले आणि शेवटी मूळ फोटोच बरा वाटला, फार वाईट वाटलं. जेपेगमध्ये काढते, एडिटिंग फोनवर स्नॅपसीडमध्ये. नक्की काय आणि कुठल्या क्रमाने शिकू?

शटरवाली:
काजवा, तुमचा प्रॉब्लेम एडिटिंगच्या आधीच सुरू होतोय, म्हणून तीन तास बसूनही हाती काही लागलं नाही. फ्रेममध्ये बहुतेक सगळा अंधार असतो, त्यामुळे कॅमेऱ्याचं मीटर म्हणतं उजेड कमी आहे, वाढवा. त्यात बिचारे दिवे जळतात. सेन्सरवर लाल, हिरवा, निळा असे तीन चॅनल असतात आणि लाल बल्बमध्ये लाल चॅनल सगळ्यात आधी काठोकाठ भरतो. तो भरला की त्याला वर जागाच नसते, पण हिरवा आपला मागून चढतच राहतो, म्हणून लालाचा केशरी, मग पिवळा, आणि निळाही भरला की पांढरा. तुम्हाला बल्बच्या मध्ये जो पिवळटपणा दिसतोय तो हाच.

एकदा भरलेल्या चॅनलमध्ये माहितीच उरत नाही, त्यामुळे हायलाइट्सचा स्लायडर कितीही खाली ओढा, सॉफ्टवेअर उरलेल्या चॅनलवरून अंदाज बांधतं एवढंच. तेव्हा फोटो काढतानाच एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरने ठरवलेला उजेड कमी-जास्त करायची सोय) उणे १ ते उणे २ ठेवून बघा आणि स्क्रीनवर तिन्ही रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम (डावीकडे अंधार, उजवीकडे उजेड दाखवणारा आलेख) लावा. एकत्रित पांढऱ्या हिस्टोग्रामवर विसंबू नका, तो सगळं ठीक आहे असं दाखवतो आणि तिकडे लाल एकटा उजव्या भिंतीला जाऊन चिकटलेला असतो.

आणि रॉ मध्ये, म्हणजे सेन्सरची कच्ची माहिती ठेवणाऱ्या फाइलमध्ये, काढा हो. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या, १४ बिट रॉ मध्ये १६,३८४. अंधारातला भाग थोडा उचलायचा म्हटला की हा फरक लगेच दिसतो. कॉम्प्युटर असेल तर डार्कटेबल आणि रॉथेरपी ही रॉ एडिट करायची सॉफ्टवेअर दोन्ही फुकट आहेत. स्नॅपसीडमध्येही डीएनजी (रॉचाच एक प्रकार) फाइल उघडते, पण कलर नॉइजचं, म्हणजे त्या जांभळ्या-हिरव्या ठिपक्यांचं, काम कॉम्प्युटरवर जास्त नीट होतं.

मध्यरात्र:
शटरवालींना +१. क्रमाचं विचारलंत म्हणून माझा सांगतो, एकच बरोबर क्रम असतो असं काही नाही.

पहिलं व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून फोटोचा पिवळेपणा-निळेपणा ठरवणारा केल्विनमधला आकडा. रात्री एका फ्रेममध्ये तीन-चार प्रकारचे दिवे असतात, सगळ्यांना न्याय देणारा आकडा नसतोच. ऑटो वाटेल ते ठरवतं आणि बऱ्याचदा दिव्याचा ऊबदारपणाच दोष समजून काढून टाकतं. मी ३२०० ते ४००० केल्विनच्या मधे कुठेतरी सुरुवात करतो आणि फोटोतली एकच गोष्ट धरतो, एखादी पांढरी भिंत किंवा कुणाचा चेहरा, ती बरी दिसली की थांबतो. मात्र जुन्या पद्धतीच्या लो-प्रेशर सोडियम दिव्याखाली काढलेला फोटो असेल तर त्यावर जीव आटवू नका, तो दिवा जवळजवळ फक्त ५८९ नॅनोमीटरचा पिवळा प्रकाश देतो, त्यात बाकीचे रंग आलेच नाहीत तर स्लायडर आणणार कुठून? तो ब्लॅक अँड व्हाइट करा, फार देखणा होतो.

आता तुमचा शाईचा डाग. निळ्या एलईडीचा रंग इतका शुद्ध असतो की तो एसआरजीबीत, म्हणजे साध्या स्क्रीन आणि जेपेगच्या रंगांच्या मर्यादेत, मावतच नाही, आणि तुम्ही वरून आणखी सॅच्युरेशन घातलं की उरलेसुरले बारकावेही सपाट होतात. तिथे उलटं करायचं. माझ्याकडे वाकवलेल्या काचेच्या नळीच्या निळ्या पाटीचा फोटो आहे, त्यात फक्त निळ्याचं सॅच्युरेशन उणे २० केलं, ल्युमिनन्स (उजळपणा) जरासा खाली घेतला, आणि एकदम नळीचा गोलपणा दिसायला लागला, अक्षर जिथे वळतं तिथे नळी किंचित चपटी झालेली, मागे तिला धरून ठेवणारी छोटी पकड, सगळं. रंग कमी केला आणि फोटो जास्त रंगीत वाटायला लागला! त्या दिवसापासून मी सरसकट सॅच्युरेशनला हात लावत नाही, रंगवार एचएसएल वापरतो, म्हणजे प्रत्येक रंगाची छटा, सॅच्युरेशन आणि ल्युमिनन्स वेगवेगळं बदलायचे स्लायडर.

ठिपक्यांसाठी आधी कलर नॉइज रिडक्शन, ते बिनधास्त वापरा. ल्युमिनन्स नॉइजचं मात्र जपून, जास्त झालं की भिंती प्लॅस्टिकच्या वाटतात.

कोपऱ्यातला_ट्रायपॉड:
वरचं सगळं पटलं, एका गोष्टीला थोडा विरोध. हातात कॅमेरा धरून आयएसओ (सेन्सरच्या संवेदनशीलतेचा आकडा) ३२०० ला उणे २ केलं आणि नंतर सावल्या उचलल्या तर नॉइज डोकं वर काढणारच. ट्रायपॉड असेल तर आयएसओ १०० ठेवा आणि दोन फ्रेम घ्या, एक दिव्यांसाठी, एक आजूबाजूसाठी, मग मास्क लावून, म्हणजे प्रत्येक फ्रेमचा हवा तेवढाच भाग निवडून, जोडा. नसेल तर सावल्या उचलूच नका. काळं काळंच राहू द्या ना! अंधार आहे म्हणून तर दिवा उठून दिसतो, नवीन लोक प्रत्येक कोपरा उजळवायला जातात आणि फोटोतली रात्रच निघून जाते, मला हे बघून खरंच हळहळ वाटते.

अजून दोन गोष्टी. एडिट करताना फोनचा तो रात्रीचा पिवळा मोड बंद आहे ना बघा, नाहीतर तुम्ही निळा वाढवत बसाल आणि सकाळी फोटो थंडगार दिसेल. आणि फोटोत आडवे काळे पट्टे आले तर ते एडिटिंगमध्ये नीट जात नाहीत. ५० हर्ट्झच्या विजेवर बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, तिथे शटर १/५० किंवा १/१०० ठेवायचं, वीज ६० हर्ट्झची असेल तर १/६० किंवा १/१२०.

काजवा_२२:
तिघांचेही मनापासून आभार! काल रात्री त्याच जागी परत गेले, रॉ लावलं, उणे १.७ ठेवलं आणि लाल हिस्टोग्राम भिंतीपासून जरा लांब राहील एवढंच बघितलं. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर फोटो इतका काळा दिसला की पुसूनच टाकणार होते, पण डार्कटेबलमध्ये उघडला आणि लाल बल्ब चक्क आतपर्यंत लाल! काचेवर रंगाचा एक पोपडा निघालाय, तिथून पिवळी रेघ बाहेर येतेय, ती पहिल्यांदा दिसली. सॅच्युरेशनला अजिबात हात लावला नाही. आता एकच अडचण राहिलीय, एक्स्पोर्ट केल्यावर आकाशात निळ्याचे पायऱ्या-पायऱ्यांसारखे पट्टे दिसतात, एडिट करताना नव्हते.

मध्यरात्र:
आकाशावर नॉइज रिडक्शन जास्त मारलंय का? आकाश अगदी गुळगुळीत झालं की जेपेगच्या ८ बिटमध्ये त्या पायऱ्या उघड्या पडतात. रिडक्शन निम्म्यावर आणा, एक्स्पोर्टच्या आधी किंचित ग्रेन (बारीक दाणे) घाला, क्वालिटी ९० च्या वर ठेवा. आणि तो पोपड्याचा फोटो इथे टाका, बघायचाय.