साठीनंतरचा पहिलाच ‘मुतखडा’: महाधमनीचा फुगा कसा ओळखायचा?

प्रश्न:
ग्रामीण रुग्णालय, रात्रीची कॅज्युअल्टी. सत्तरीचा, विडी ओढणारा पेशंट, डाव्या कुशीत अचानक कळ, घाम, बीपी ९०/६०. सोनोग्राफी आहे, सीटी नाही. महाधमनीचा (पोटातल्या मुख्य रक्तवाहिनीचा) फुगा फुटलाय असं कधी धरायचं? सलाईन किती द्यायचं?

उत्तर १:
या वयात पहिल्यांदाच उठलेली मुतखड्यासारखी कळ महाधमनीचीच समजून चाला, सोनोग्राफीचा प्रोब ठेवून शंका फिटेपर्यंत. धडधडती गाठ हाताला लागेलच असं नाही. पोट जाड असलं किंवा बीपी घसरलं की ती सापडत नाही. लघवीत रक्त दिसलं तरी खडाच समजून फसू नका, फुग्यातही ते दिसू शकतं.

प्रोब बेंबीच्या वर, मध्यरेषेवर आडवा धरा. मणक्याची चकाकती कमान दिसली की तिच्या पुढ्यात महाधमनी. दुभागते तिथपर्यंत खाली या. माप बाहेरच्या भिंतीपासून बाहेरच्या भिंतीपर्यंत. आतली गुठळी सोडून नुसतं वाहतं रक्त मोजलं, तर ६ सेंमीचा फुगा ३ चा वाटतो. ३ सेंमी किंवा जास्त म्हणजे फुगा. फुटलाय का, हे सोनोग्राफीत बऱ्याचदा कळत नाही, कारण रक्त पाठीमागे साचतं. फुगा, कळ आणि पडलेलं बीपी, एवढ्यावर पेशंट हलवा.

उत्तर २:
सलाईनचा हात आखडता ठेवा. पेशंट शुद्धीवर आहे, नीट बोलतोय, तर सिस्टॉलिक (वरचं बीपी) ७० ते ९० चालेल. गुठळीने आणि आजूबाजूच्या दाबाने फुग्याचं भोक तात्पुरतं बुजलेलं असतं. दोन लिटर ओतून बीपी १२० केलं की ते पुन्हा उघडतं, शिवाय रक्त गोठायचं थांबतं. ग्लानी आली तरच २५० मिली, मग पुन्हा बघा. रक्त मिळालं तर रक्तच द्या. शिरेत दोन जाड कॅन्युला (सलाईनच्या नळ्या), दुखण्यासाठी फेंटानिल थोडं थोडं. शक्यतो श्वासाची नळी घालू नका: भूल दिल्यावर पोट सैल पडतं आणि बीपी कोसळतं. ती ऑपरेशन टेबलावर, पेंटिंग-ड्रेपिंग (पोटाला जंतुनाशक लावून चादरी टाकणं) झाल्यावर.

उत्तर ३:
व्हॅस्क्युलर (रक्तवाहिन्यांचा) सर्जन असलेल्या केंद्राला फोन आधी, १०८ निघण्यापूर्वी. वाटेत सीटीसाठी दुसरीकडे वळू नका. ऑपरेशन होईल तिथेच सीटी.

प्रश्नकर्ता:
महाधमनी २ सेंमीच निघाली, पण नाडी अनियमित, पोट मऊ आणि कळ असह्य असेल तर?

उत्तर २:
मग आतड्याच्या धमनीत गुठळी अडकलीय का ते बघायचं. तेही तितकंच घाईचं. रक्तातलं लॅक्टेट (ऊतींना रक्त कमी पडलं की वाढतं) नॉर्मल आलं म्हणून थांबू नका, सुरुवातीला ते नॉर्मल असू शकतं. सीटी अँजिओ (रंगद्रव्य देऊन रक्तवाहिन्यांचा सीटी) लगेच, क्रिएटिनिनची (किडनीच्या तपासणीची) वाट न बघता. निदान पक्कं झालं की हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध). पोट कडक होईपर्यंत थांबलात तर आतडं मेलेलं असतं.