जेल रोडवरचा जुना पीएसपी ३००० घ्यावा का? दुकानात काय तपासायचं?

पलासिया_नाका

इंदुरात जेल रोडला एका दुकानात सेकंडहँड पीएसपी ३००० (सोनीचा हातात धरून खेळायचा गेम कन्सोल) आहे. काळा रंग, सोबत चार्जर, "१६ जीबी"चं कार्ड आणि ४ डिस्क. ११ वर्षांच्या भाचीला द्यायचा आहे. तिच्या हातात मोबाईल द्यायचा नाही, हे घरात ठरलेलं आहे. जाहिराती नकोत, इंटरनेट नको, आणि इंदूर-पुणे गाडीत बसल्यावर रात्री झोपेपर्यंत तरी चालायला हवा. दुकानदार बॅटरी "एकदम नवी" म्हणतो आणि माल परत घेणार नाही, हेही सांगून टाकतो. २००८ सालचं मशीन आज घेण्यात अर्थ आहे का? त्याच्या जमेच्या बाजू कोणत्या, तो मार कुठे खातो, आणि दुकानात उभं राहून काय काय बघून घ्यायचं?

सोल्डर_फ्लक्स

ताई, तुमच्या कामासाठी अर्थ आहे. पण पैसे मशीनचे द्या. बॅटरी आणि कार्ड शून्य किमतीचं धरून भाव करा. पीएसपीत खराब होणाऱ्या गोष्टी ठरलेल्या आहेत आणि त्यात ही दोन सगळ्यात वर.

आधी बॅटरी. ३००० ची मूळ बॅटरी ३.६ व्होल्ट, १२०० एमएएच. त्याच पातळ आकाराच्या बॅटरीवर २४०० किंवा ३६०० छापलेलं दिसलं तर तो आकडा खोटा समजा, तेवढा माल त्या जागेत मावतच नाही. मागचं झाकण काढून बॅटरी बाहेर घ्या आणि काउंटरच्या काचेवर आडवी ठेवून एका कोपऱ्यावर बोट दाबा. डुगडुगली किंवा भोवऱ्यासारखी फिरली तर ती फुगलेली आहे. अशी बॅटरी फुकट मिळाली तरी घेऊ नका, आणि टोचून "हवा काढून" देतो असं कोणी म्हणालं तर तिथून निघा. लिथियमची बॅटरी टोचली की पेटू शकते.

सपाट असली तरी ती किती टिकते ते बघायचंच. चार्जर काढा, सेटिंग्जमध्ये सिस्टम सेटिंग्ज, त्यात बॅटरी इन्फर्मेशन उघडा आणि टक्के बघून ठेवा. मग डिस्कवरची गेम १५ मिनिटं चालू द्या. चांगल्या बॅटरीवर गेम साधारण ३ ते ६ तास चालते, म्हणजे १५ मिनिटांत ४ ते ८ टक्के उतरायला हवेत. ६० वरून ३५ वर आली तर "एकदम नवी" या शब्दाला काही किंमत नाही. मेलेल्या बॅटरीत आणखी एक गंमत दिसते: ४० टक्के दाखवता दाखवता मशीन एकदम बंद पडतं. आतला सेल जुना झाला की लोड येताच व्होल्टेज कोसळतं, आणि टक्के मात्र त्या वेगाने खाली येत नाहीत.

बॅटरी काढून नुसत्या चार्जरवरही पीएसपी चालतो. तेव्हा दुकानात एकदा तसाही लावून बघा. बॅटरीशिवाय नीट चालला आणि बॅटरी घातल्यावर अडखळला, तर दोष बॅटरीत आहे, बोर्डात नाही. चार्जर ५ व्होल्टचा लागतो. गोल पिन ढिली आहे का, हलवल्यावर चार्जिंगचा नारिंगी दिवा विझतो का, हेही बघा.

पोहे_जलेबी

वरचं सगळं बरोबर. डिस्क ड्राइव्ह आणि अ‍ॅनालॉग (अंगठ्याने सरकवायची गोल कळ) राहिलं, ते मी लिहितो.

यूएमडी (कवचातली छोटी गेम डिस्क) फिरवणारा ड्राइव्ह हा या मशीनचा सगळ्यात नाजूक अवयव. डिस्क फिरतानाची हलकी घरघर नेहमीची आहे. लोडिंग अडकून तोच तोच टक टक आवाज येत राहिला, तर लेन्सला ट्रॅक सापडत नाही असं समजा. चारही डिस्क घालून बघा. एकच अडकली तर डिस्क खराब, सगळ्या अडकल्या तर लेन्स. लेन्सवर नुसती धूळ असेल तर कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब घेऊन अलगद पुसलं की काम होतं. जोर दिला तर लेन्सची स्प्रिंग कायमची बसते. डिस्कचं प्लास्टिकचं कवच शिवणीवर उकललेलं असतं, तेही बघा. ते फेव्हीक्विकने चिकटवताना थेंब आत गेला की डिस्क कामातून गेली.

अ‍ॅनालॉग तपासायला गेमसुद्धा लागत नाही. नेटवर्कमध्ये जाऊन इंटरनेट ब्राउझर उघडा, वाय-फाय जोडू नका. पडद्यावरचा बाण अ‍ॅनालॉगने फिरतो. चारी दिशांना कडेपर्यंत न्या आणि बोट उचला. बाण जागच्या जागी थांबला पाहिजे. आपोआप एका बाजूला सरकत राहिला तर खालचा वाहक रबर झिजलाय किंवा मळलाय. हा भाग सोल्डर न करता बदलता येतो, त्यामुळे एवढ्यासाठी मशीन नाकारू नका, भाव पाडून घ्या.

पडद्याबद्दल एक सांगतो, नाहीतर घरी जाऊन घाबराल. ३००० चे रंग आधीच्या २००० मॉडेलपेक्षा उजवे आहेत, पण वेगाने हलणाऱ्या दृश्यात बारीक आडव्या रेघा दिसतात. तो या पॅनेलचा स्वभाव आहे. पडदा बदलून किंवा सॉफ्टवेअर टाकून त्या जात नाहीत. "स्क्रीन बदलून देतो, रेघा जातील" असं कोणी सांगितलं तर पैसे घालवू नका.

नंदलालपुरा_नेटवर्क

कार्डाकडे दुर्लक्ष करू नका. पीएसपीत मेमरी स्टिक प्रो डुओ हे सोनीचं कार्ड बसतं, आणि त्याच्या नकला बाजारात भरमसाट आल्या. वर १६ जीबी लिहिलेलं, आत ४ जीबी. ४ जीबीपर्यंत सगळं छान चालतं, त्यापुढे लिहिलेलं हवेत जातं आणि मुलांचे सेव्ह (गेम कुठवर खेळली त्याची नोंद) गायब होतात. तुमचा लॅपटॉप नेता आला तर मिनी-यूएसबी केबलने पीएसपी जोडा (जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांना असायची तीच केबल) आणि एचटूटेस्टडब्ल्यू नावाच्या फुकट प्रोग्रामने कार्ड पूर्ण भरून तपासा. याला बराच वेळ लागतो. दुकानदार थांबणार नसेल तर कार्डाचे पैसे देऊ नका. त्यापेक्षा मायक्रोएसडीचं अडॅप्टर घ्या, त्यात चांगल्या कंपनीचं कार्ड घाला आणि पीएसपीतच फॉरमॅट करा. कॉम्प्युटरवर फॉरमॅट केलं तर लागणारे फोल्डर आपोआप तयार होत नाहीत.

सेव्हची प्रत ठेवणं सोपं आहे: कार्डावरच्या पीएसपी फोल्डरमधलं सेव्हडेटा फोल्डर महिन्यातून एकदा लॅपटॉपवर टाकायचं.

इंटरनेट नको म्हणालात, ते इथे जवळजवळ आपोआपच होतं. याचं वाय-फाय जुन्या ८०२.११बी पद्धतीचं, आणि पासवर्डची सुरक्षाही डब्ल्यूपीए या जुन्या प्रकारापर्यंतच. घरचा राऊटर फक्त त्यापुढच्या डब्ल्यूपीए२ वर असेल तर जोडणीच होत नाही. जुलै २०२१ पासून पीएसपीवरून नवी गेम विकत घेणंही बंद झालं, त्यामुळे पुढच्या गेम बहुतेक सेकंडहँड डिस्कवरच मिळवाव्या लागतील. ही मोठी अडचण आहे आणि ती आधीच मान्य करून घ्या. त्यातल्या त्यात बरं म्हणजे गेमच्या डिस्कला रिजन लॉक नाही. कुठल्याही देशातली चालते, भाषा तेवढी बघून घ्या.

रीगल_चौक

मी थोडं उलट बोलतो. घरात अँड्रॉइड फोन असेल तर पीपीएसएसपीपी हे एम्युलेटर (पीएसपीच्या गेम फोनवर चालवणारा प्रोग्राम) त्याच गेम मूळ ४८० बाय २७२ च्या दुप्पट-चौपट रिझोल्यूशनवर दाखवतं. चित्राच्या बाबतीत पीएसपी तिथे हरतो. दुसरा अ‍ॅनालॉग नाही हीसुद्धा खरी उणीव आहे: गोळीबाराच्या गेममध्ये नजर फिरवायला उजव्या हाताची चार बटणं वापरावी लागतात आणि अंगठा वळतो.

पण ११ वर्षांच्या मुलीसाठी मीही पीएसपीच घेईन. १८९ ग्रॅम वजन बॅटरीसकट. बटणं खरी, दाबली की बोटाला कळतात. पॉवरची कळ एकदा वर सरकवली की गेम आहे त्या जागी झोपते आणि आईने जेवायला बोलावलं तर लेव्हल वाया जात नाही. (कळ वर धरून ठेवली तर मशीन पूर्ण बंद होतं, खाली ओढली तर बटणं लॉक होतात. हे तिला पहिल्याच दिवशी दाखवा.) सुरुवातीला लोकोरोको नावाची गेम शोधा, ती बहुतेक एल आणि आर या दोन बटणांवरच खेळता येते.

मॉडेलही बघून घ्या. ई१००० म्हणजे स्ट्रीट हाही काळाच असतो आणि "नवा पीएसपी" म्हणून गळ्यात मारला जातो. त्यात वाय-फाय नाही, आवाजही मोनो. ३००० ला पडद्याखाली मायक्रोफोनचं छोटं भोक असतं, आणि २००० वर जिथे होम लिहिलेलं असे तिथे पीएसचं चिन्ह असतं.

पलासिया_नाका

सगळ्यांचे मनापासून आभार. दोनच शंका. गाडीत पॉवर बँकेवर चालेल का? आणि मोठ्यांच्या गेम कार्डावर असल्या तर त्या बंद करता येतात का?

सोल्डर_फ्लक्स

पॉवर बँकेवर चालेल, पण मिनी-यूएसबीतून नाही. त्या वाटेने चार्ज व्हायला यूएसबी चार्जचा पर्याय चालू लागतो आणि समोर कॉम्प्युटर लागतो, साध्या ५ व्होल्टवर तो दाद देत नाही. यूएसबी ते ४.० बाय १.७ मिमी गोल पिनची केबल घ्या. ती थेट चार्जरच्या भोकात बसते आणि खेळता खेळता चार्ज होतं. डिस्कऐवजी कार्डावरून गेम चालली तर मोटर फिरत नाही, म्हणून बॅटरी जास्त पुरते.

दुसरं, सेटिंग्जमध्ये सिक्युरिटी सेटिंग्ज, तिथे पॅरेंटल कंट्रोल लेव्हल. आकडा जितका लहान तितकं बंधन कडक. सुरुवातीचा पासवर्ड ०००० असतो. दुकानातच टाकून बघा. लागला नाही तर आधीच्या मालकाने बदललाय, तो दुकानदाराकडून काढून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि हे कंट्रोल गेमला दिलेल्या वयाच्या रेटिंगवर चालतं. कार्डावर आधीच्या मालकाने काय भरून ठेवलंय ते स्वतः उघडून बघा, नाहीतर सरळ फॉरमॅट मारा.

इंदूरच्या उन्हाळ्याचं एक लक्षात ठेवा: मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर पीएसपी राहू देऊ नका. महिनाभर वापरणार नसाल तर बॅटरी अर्ध्यावर आणा, बाहेर काढा आणि कोरड्या, थंड कपाटात ठेवा. पूर्ण उतरलेली तशीच पडली तर ती पुन्हा चार्ज घेईल याचा भरवसा नाही.