बालरोग विभागात शिकवण्याची जबाबदारी एकाच माणसाकडे असावी का?

वॉर्डमधला मास्तर (धागाकर्ता):
एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात बालरोग विभागात शिकवतो. मागच्या आठवड्यात इंटर्नने आठ महिन्यांच्या बाळाचे श्वास मोजले. बाळ रडत होतं, अंगात स्वेटर. त्याने पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं आणि केसपेपरवर ६८ लिहिलं. मी बाळाला आईकडे शांत होऊ दिलं, स्वेटर वर केला आणि पूर्ण मिनिट मोजलं. ४४ भरले. दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० किंवा जास्त म्हणजे जलद श्वास. बाळाला फक्त सर्दी होती, पण न्यूमोनिया म्हणून अँटिबायोटिक सुरू व्हायच्या बेतात होतं.

त्याच इंटर्नच्या लॉगबुकमध्ये, म्हणजे शिकलेल्या कौशल्यांच्या नोंदवहीत, या कौशल्यापुढे शिक्षकाची सही आहे. २०१९ च्या बॅचपासून क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आला, तो याच साठी ना, की विद्यार्थ्याला करताना बघूनच सही व्हावी? शिक्षकांना शिकवायचं कसं याचं प्रशिक्षण देणारं मेडिकल एज्युकेशन युनिट कॉलेजात आहे, पण ते आमच्या वॉर्डात येऊन बघणार नाही. म्हणून माझं मत: प्रत्येक बालरोग विभागात एक शिक्षणप्रमुख हवा. त्याची ओपीडी दोन दिवस कमी करा आणि त्या वेळात त्याने विद्यार्थी, जेआर (ज्युनियर रेसिडेंट, म्हणजे पदव्युत्तर शिकणारे डॉक्टर) आणि आपण शिक्षक कसे शिकवतो तेही बघावं.

खाट नंबर ९:
सर, तळमळ पटते, उपाय पटत नाही. आमच्याकडे मंजूर पदंच रिकामी आहेत. पावसाळ्यात डेंग्यूची पोरं एका खाटेवर दोन-दोन असतात. तेव्हा एकाची ओपीडी काढली की ती दुसऱ्याच्या डोक्यावर बसते. आणि एकदा पद निर्माण झालं की बाकीचे म्हणणार, शिकवायला ते आहेत ना. मला लहान मुलांचं पोट तपासायला शिकवलं ते वॉर्डातल्या आमच्या युनिटच्या (डॉक्टरांच्या तुकडीच्या) मॅडमनी. हात आधी चोळून गरम करायचा आणि नजर मुलाच्या चेहऱ्यावर ठेवायची. त्यांच्याकडे कुठलं शिक्षणाचं पद नव्हतं.

जेआर २:
मॅडम, तुमचं नशीब चांगलं. आमच्या राउंडला रात्रीच्या ॲडमिशन सांगण्यातच दहा वाजतात. पहिल्या महिन्यात नवजात बाळाच्या नाळेतून कॅथेटर (बारीक नळी) घालायला मी माझ्या सीनियरकडून शिकलो, तो त्याच्या सीनियरकडून. कुठली पायरी चुकतेय हे सांगायला वर कुणी नव्हतंच. तीन महिने जिल्हा रुग्णालयात पोस्टिंग झाली, तिथे मी एकटाच. शिकवायचं सगळ्यांनीच, मान्य. पण शिकवायचं राहिलं तर जाब विचारायचा कुणाला?

खाट नंबर ९:
एचओडींना, म्हणजे विभागप्रमुखांना. त्यांचंच ते काम.

वॉर्डमधला मास्तर:
एचओडींकडे औषधखरेदी, वैद्यकीय आयोगाची तपासणी, कोर्टाचे समन्स, मृत्यूंचा आढावा. त्यांच्यावर ढकलणं म्हणजे कुणावरच न सोपवणं. अमेरिकेत बालरोगाच्या तीन वर्षांच्या रेसिडेन्सीला (पदव्युत्तर प्रशिक्षणाला) स्वतंत्र प्रोग्रॅम डायरेक्टर लागतो आणि त्याला या कामासाठी राखीव वेळ देणं मान्यतेच्या अटीतच आहे. आपल्याकडे तेवढी माणसं नाहीत हे मीही रोज भोगतो. पण चुकीचं शिकलेला जेआर पुढच्या वर्षी दहा इंटर्नना तसंच शिकवतो. ते निस्तरायला लागणारा वेळही आपलाच ना?

आणि तुमच्या मॅडमबद्दल. त्यांच्यासारखं शिकवणाऱ्याला बढतीत त्याबद्दल काय मिळतं? शोधनिबंध मोजले जातात. गरम हात कोण मोजणार?

खाट नंबर ९:
हे खरं आहे. मॅडम सहयोगी प्राध्यापक म्हणूनच निवृत्त झाल्या.

तरीही नवं पद नको, असंच म्हणेन. दर युनिटने आठवड्यातला एक तास राखावा. त्या तासात फोन बंद, एक विद्यार्थी, एक मूल, आणि शिक्षकाने तोंड मिटून फक्त बघायचं. सही त्यानंतरच.

जेआर २:
तो तास इमर्जन्सी आली की पहिल्यांदा कापला जाईल, मॅडम. तो कापू नये म्हणून भांडणारं कुणीतरी लागेलच.