मिनेसोटातलं घर महिनाभर बंद ठेवायचंय, इन्शुरन्सचं काय?

जुळेसोलापूरकर
धाकटा भाऊ मिनियापोलिसला असतो, तिथं घर घेतलंय, यंदा जानेवारीत पोराबाळांना घेऊन सोलापूरला गड्ड्याच्या जत्रेला येतोय. एजंट म्हणतोय रिकामं घर असलं तरी हीटर चालूच ठेवा, नाहीतर क्लेम अडकेल. आपण गावाला जाताना मेन स्विच पाडून जातो आणि तिकडं मोकळं घर तापवत ठेवायचं? उगाच घाबरवतोय का? आणि गाडीच्या पॉलिसीवर नो फॉल्ट लिहिलंय, म्हणजे चूक कुणाची पण असो कंपनीच सगळं भरते का?

बाळीवेस
एजंट खरं बोलतोय ओ. जानेवारीत तिकडं रात्री उणे 20 सेल्सिअस म्हणजे काहीच नाही. पाण्याचा बर्फ झाला की फुगतो, पाईप चिरतो, आणि बर्फ सुटला की भिंतीतनं पाणी वाहत राहतं, बघायला घरात कुणीच नाही. पॉलिसीत साधारण अटच असते की घर गरम ठेवा नाहीतर मेन वॉल्व्ह बंद करून पाईप रिकामे करा, यातलं काहीच केलं नाही तर क्लेम नाकारतात. थर्मोस्टॅट 55 फॅरेनहाइटच्या खाली नको, सिंकखालच्या कपाटाची दारं उघडी ठेवायची म्हणजे आतल्या पाईपाला ऊब लागते. मी तर म्हणतो हीटर पण चालू ठेवा आणि वॉल्व्ह पण बंद करा, फर्नेस मध्येच बंद पडलं तर काय करता!

पॉलिसीवाला
नो फॉल्ट फक्त माणसांच्या इलाजापुरतं. चूक कुणाचीही असो, दवाखान्याचा आणि बुडालेल्या पगाराचा खर्च आधी आपापल्या पॉलिसीतनं, मिनेसोटात ते कव्हर किमान 40 हजार डॉलरचं लागतं. गाडीच्या पत्र्याचं गणित वेगळं. बर्फावर घसरून खांबाला धडकली तर कोलिजन, गारा पडल्या किंवा हरीण आडवं आलं तर कॉम्प्रिहेन्सिव्ह. आपल्याकडं ओन डॅमेजमध्ये, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या कव्हरमध्ये, हे सगळं एकत्र येतं, तिकडं दोन वेगळी कव्हरं. कायद्यानं सक्ती नाही, पण गाडीवर लोन असलं की बँक घ्यायला लावतेच.

बाळीवेस
अजून एक, बर्फ वितळून बाहेरचं पाणी घरात शिरलं तर तो पूर, होम पॉलिसीत येत नाही. सरकारी फ्लड पॉलिसी सहसा 30 दिवसांनी लागू होते, मार्चमध्ये पळापळ करून उपयोग नाही.

जुळेसोलापूरकर
कळवलं त्याला. किल्ली शेजारच्याकडं देऊन येतो म्हणाला, त्याच्यासाठी शेंगा चटणी न्यायचीय म्हणे. तिखट कमी कुठली मिळेल?