मदत हवी आहे: इंदूरचा लाल झेंडा आणि माझा ऑनर्सचा प्रबंध

सई_परदेशीपुरा

नमस्कार मंडळी. मी इंदूरला बी.ए.च्या चौथ्या वर्षाला आहे, विषय राज्यशास्त्र. नव्या शिक्षण धोरणातल्या 'ऑनर्स विथ रिसर्च'साठी वर्षभरात प्रबंध लिहायचाय. विषय मंजूर झालाय: इंदूर शहरातला कम्युनिस्ट पक्ष. घरी सांगितलं तर बाबा म्हणाले, "इंदुरात? कुठे असतो तो?"

इथले कम्युनिस्ट कामगार नेते होमी दाजी १९६२ला इथून लोकसभेवर निवडून गेले. १९५७ला विधानसभेत होते, १९७२ला परत. नंतर उतरती कळा. १९८९पासून लोकसभेची जागा भाजपकडेच आहे, त्यात आठ वेळा सुमित्राताई महाजन.

आता अडचण. निवडणूक आयोगाच्या १९६२च्या अहवालात दाजींच्या नावापुढे 'अपक्ष' आहे. म्हणजे ज्या पक्षावर लिहायचंय, त्याचा शहरातला सगळ्यात मोठा विजय त्याच्या खात्यावरच नाही! गाईड सर म्हणतात, रकान्यात जे छापलंय तेच धर, नाहीतर व्हायव्हाला सोलून काढतील. पण मग १९६२ सोडून या पक्षावर लिहायचं तरी काय?

दुसरं म्हणजे मुलाखती. आमच्या गल्लीत हुकुमचंद मिल या कापड गिरणीतले एक काका आहेत. त्यांना सरळच विचारलं, "काका, तुम्ही कम्युनिस्ट होता का?" ते म्हणाले, "बेटा, हम तो साँचे पर थे," (म्हणजे मिलच्या यंत्रावर) आणि आतून चहा मागवला. विषय तिथेच संपला.

कोणी वाट दाखवेल का?

जुना_तोपखाना

सईबाई, रकाना सोडू नकोस आणि रकान्यावर विसंबूही नकोस. पहिल्याच प्रकरणात लिहून टाक की 'पक्ष' म्हणजे तू काय धरते आहेस: पक्षाच्या चिन्हावर लढलेले, की पक्षाने उभे केलेले आणि पाठिंबा दिलेलेही. एकदा व्याख्या केलीस की व्हायव्हावाल्यांना तिच्यावर वाद घालू दे, तुझ्यावर नाही.

दुसरी गोष्ट अशी की १९६२ आणि १९६७ला लोकसभा आणि विधानसभेचं मतदान एकत्र झालं होतं. इंदूर लोकसभेत येणाऱ्या विधानसभा मतदारसंघांचे आकडे काढ आणि तिथे पक्षाच्या उमेदवारांना किती मतं पडली ते दाजींच्या मतांशेजारी मांड. मतदार तेच, दिवस तोच, मतपत्रिका दोन. त्या दोन आकड्यांमधलं अंतर म्हणजेच तुझा प्रबंध. माणसाला मत किती नि झेंड्याला किती, याचा याहून स्वस्त पुरावा मिळायचा नाही. दोन्हीकडचे अहवाल आयोगाच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. मात्र ते मतदारसंघापुरतेच. जुन्या निवडणुकांचे बूथवार आकडे त्यात शोधत बसू नकोस.

आणि १९६४ला पक्ष भाकप आणि माकप असा फुटला, हे तक्त्यात ठळक दिसू दे. १९६२ची मतं आणि १९६७ची मतं एकाच नावाखाली सरळ रेषेत जोडलीस तर तिथे मात्र मीसुद्धा सोलेन.

मनीषा_बडोदेकर

मी गिरणी कामगारांवर काम केलंय (गुजरातेतल्या), त्यामुळे काकांबद्दल बोलते. चहा पाजला ना? मग काम झालं, परत जा. फक्त 'कम्युनिस्ट' हा शब्द घरी ठेवून जा. विचार, वर्गणीची पावती कुठल्या युनियनची फाडायचात? पाळी सुटल्यावर गेटवर सभा कोणाची असायची? बदली कामगार म्हणून किती वर्षं काढलीत आणि कायम कोणी करवून दिलं? माणूस पक्षाबद्दल बोलत नाही, पण कायम कधी झालो ते तारखेसकट सांगतो.

पावतीचा प्रश्न का, तर १९६०चा मध्य प्रदेश औद्योगिक संबंध कायदा. एका भागात एका उद्योगाची एकच प्रातिनिधिक युनियन, मालकाशी बोलणी तिनेच करायची. इंदूरच्या कापड गिरण्यांत ती खुर्ची इंटक या कामगार महासंघाच्या युनियनची होती, म्हणजे काँग्रेसच्या घरातली. लाल झेंडेवाले गेटवर कितीही गाजले तरी टेबलावर त्यांना जागा नव्हती. मग पावती एकाची आणि मत दुसऱ्याला, असं होत होतं का? हे तुला काकाच सांगू शकतात, कुठलाही अहवाल नाही.

एक सावधगिरी. हुकुमचंद मिल १९९१च्या डिसेंबरात बंद पडली आणि थकबाकीचे २२४ कोटी मिळायला २०२३चा डिसेंबर उजाडला. एवढी वर्षं ज्यांनी तारखा मोजल्या त्यांना कोर्ट आधी आठवतं, निवडणूक नंतर. त्यांना ते आधी बोलून घेऊ दे. ती फाइल बहुधा प्लास्टिकच्या पिशवीत कपाटावर असते आणि तिच्यात पगाराच्या चिठ्ठ्यांबरोबर युनियनच्या पावत्याही सापडतात. फोटो काढायच्या आधी लेखी परवानगी घे, आणि प्रबंधात नावं बदल.

खवचट_पोहेवाला

एवढं कशाला? २०२४ घ्या ना. काँग्रेसच्या उमेदवाराने अर्ज मागे घेतला आणि 'नोटा'ला २,१८,६७४ मतं पडली. इंदुरात आता सगळ्यात मोठा अल्पसंख्य पक्ष तोच. ना कार्यालय, ना पुढारी, ना फूट पडायची भीती.

जुना_तोपखाना

पोहेवाले, हसलो. पण सई, त्या वाटेला जाऊ नकोस. गाईड 'आजच्या काळाशी जोड' म्हणतील, तेव्हा २०२३ला भाकपचा राष्ट्रीय पक्षाचा दर्जा गेला हे एका परिच्छेदात लिही आणि १९५७ ते १९७७वर परत ये. एका वर्षात वीस वर्षं झेपली तरी खूप. आणि हो, तिसऱ्या लोकसभेतली दाजींची भाषणं संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात आहेत. चीनचं युद्ध, पक्षफूट, सगळं त्याच पाच वर्षांत. अपक्ष म्हणून निवडून आलेला माणूस सभागृहात कोणाच्या बाजूने बोलतो, हे तिथेच कळेल. सरांच्या रकान्याला ते उत्तर.

सई_परदेशीपुरा

दादा, ताई, खूप आभार. दोन मतपत्रिकांची तुलना सरांना दाखवली. "हं, हे बघता येईल," म्हणाले. त्यांच्या तोंडून हे म्हणजे पुष्कळ आहे. काल काकांना पावतीचं विचारलं तर चपला घालून शेजारच्या काकांनाच बोलावून आणलं, आणि दोघांचं जे जुंपलं! एक म्हणतात, पावती फाडली नाही तर अडचण सांगणार कोणाला, दुसरे म्हणतात, तू घाबरायचास, मी नाही. सगळं हिंदी-माळवीत.

आता शेवटचं विचारते. मुलाखती मूळ माळवीत उतरवू की थेट मराठीत? प्रबंध मराठीत लिहायला विभागाची परवानगी आहे.

मनीषा_बडोदेकर

मूळ बोलीतच उतरव, शब्दन् शब्द, आणि ते परिशिष्टात टाक. मजकुरात मराठी चालेल. आणि यापुढे दोघांना एकत्रच बसव, वेगवेगळं भेटलीस तर दोघंही शहाण्यासारखी उत्तरं देतील.