आपत्तीत माणूस गेलं, समलिंगी जोडीदार मागे राहिला. सरकारी भरपाई कोणाला?

रानजाई
११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांत गेलेल्यांच्या घरच्यांना अमेरिकी सरकारने भरपाई दिली. पण ज्यांचा संसार समलिंगी जोडीदाराबरोबर होता, त्या जोडीदारांच्या हाती काय आलं? तेव्हा तिथे एकाही राज्यात असं लग्न कायदेशीर नव्हतं.

विचारण्याचं कारण खासगी आहे. मी आणि माझी जोडीदार घराचे हप्ते मिळून फेडतो. माझ्या घरच्यांनी तिला आपलं मानलंय, तिच्या घरच्यांनी मला नाही. उद्या काही झालं तर 'मृताशी नातं' या रकान्यात मी काय लिहू? नियम कसे असायला हवेत?

जुना_कारकून
माझी सगळी नोकरी मृत्यूचे दावे तपासण्यात गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

त्या भरपाई निधीचे प्रमुख केनेथ फाइनबर्ग. मृत्यूच्या दाव्यांवर सरासरी वीस लाख डॉलर दिले गेले. पण पैसे कोणाला, हे त्यांनी त्या त्या राज्याच्या कायद्यावर सोडलं. मृत्युपत्र असेल तर ठीक. नसेल तर वारसा कायदा, आणि त्यात जोडीदार बहुतेक ठिकाणी नव्हताच. मग घरचे आणि जोडीदार यांच्यात तडजोड घडवायची. काहींना पैसे मिळाले. पेंटागॉनमध्ये गेलेल्या एका बाईंच्या जोडीदार बाईंना २००३ मध्ये पाच लाख डॉलरहून जास्त मिळाले. पण मृताचे नातेवाईक राजी झाले तरच पदरात काही पडणार, याला मी हक्क म्हणत नाही.

दुसरी गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. प्रश्न फक्त वाटणीचा नव्हता, रक्कमच कमी होत होती. यातनांपोटी प्रत्येक मृतामागे २,५०,००० डॉलर, वर पती किंवा पत्नी आणि प्रत्येक अवलंबितामागे १,००,०००. बुडालेल्या कमाईतून मृताचा स्वतःचा खर्च वजा व्हायचा, तोही एकट्या माणसाचा जास्त धरत. जोडीदार हिशेबात धरला नाही, की भरल्या घरातला माणूस एकटा ठरला!

चांगलं घडलं ते जून २००२ मध्ये. कर्तव्यावर गेलेल्या पोलीस आणि अग्निशामकांमागे केंद्र सरकार अडीच लाख डॉलर देत असे, पण फक्त पती-पत्नी, मुलं किंवा आईवडील यांना. न्यूयॉर्क अग्निशमन दलाचे धर्मगुरू मायकल जज त्या हल्ल्यात गेले. मागे बहिणी होत्या, त्या नियमात बसत नव्हत्या. मग जज यांच्याच नावाचा कायदा झाला: पती-पत्नी वा मुलं नसतील तर विम्यात ज्याचं नाव, त्याला रक्कम. केंद्राचा असा लाभ समलिंगी जोडीदारांना पहिल्यांदा मिळाला तो या वाटेने, आणि बहीणभावांचीही सोय झाली. पती-पत्नी आणि मुलांच्या वाट्याचं काढून घ्यावं लागलं नाही; आईवडिलांचा क्रम मात्र विम्यातल्या नावानंतर गेला.

वाटेवरचा
आईवडिलांचं काय मग? म्हातारपणचा आधार गेला आणि पैसे भलत्याच्या हाती? शिवाय उद्या कोणीही उठून म्हणेल, मी जोडीदार.

सायली_प
ज्याच्याबरोबर आयुष्य काढलं तो भलता कसा? जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये हेच सांगितलं. गुन्ह्यात बळी पडलेल्यांच्या कुटुंबीयांना सरकार जे साहाय्य देतं, ते समलिंगी जोडीदारालाही मिळू शकतं. लग्न न करता नवरा-बायकोसारखे राहणारे त्या कायद्यात आधीपासून होते. त्यांना बसणारा धक्का आणि जोडीदाराला बसणारा धक्का वेगळा नसतो. जपानमध्ये समलिंगी लग्नाला मान्यता नसतानाचा हा निकाल आहे.

जुना_कारकून
वाटेवरचा, आईवडील अवलंबून असतील तर त्यांचा वाटा जरूर काढावा. जोडीदार धरला म्हणून ते वगळलेच जावेत असं नाही.

खोट्या दाव्यांचं म्हणाल, तर वर्षानुवर्षं वेगळे राहिलेले नवरा-बायको लग्नाच्या एका दाखल्यावर पैसे घेऊन गेलेले मी पाहिलेत. आणि एक गृहस्थ पिशवीभर कागद घेऊन आले होते. भाडेकरार दोघांच्या नावावर, इस्पितळाच्या फॉर्मवर संपर्कासाठी यांचाच नंबर, औषधांच्या पावत्या तारखेनुसार टाचलेल्या. वरच्या साहेबांनी नात्याचा रकाना पाहिला आणि अर्ज परत केला. पिशवी उघडलीसुद्धा नाही. पुरावा नव्हता असं कोण म्हणेल? तो बघायची मुभा नियमाने द्यायला हवी.

रानजाई, तुम्ही दोघींनी मृत्युपत्र करा, विम्यात आणि बँकेत एकमेकींचं नाव लावा. पण प्रती घराबाहेर, विश्वासाच्या माणसाकडे ठेवा. पुरात नाहीतर आगीत घराबरोबर कपाटही जातं. त्यासाठीच नियमात शेजाऱ्यांचं आणि सहकाऱ्यांचं प्रतिज्ञापत्र चालेल असं लिहिलेलं असावं. कागद वाहून गेलेल्या विवाहितांच्या बाबतीत चौकशी करून नातं मान्य करता येतं, तर यांच्या बाबतीतही करता येईल.